वेंदेलीन सुतार आडोशामागं जातो

वेंदेलीन हाटले या माणसाबद्दल आमच्या गावात दोन मतं होती आणि दोन्ही साफ चुकीची होती. पक्षाची माणसं म्हणायची, हा छुपा शत्रू आहे. बाकीचे इकडंतिकडं बघून हळूच म्हणायचे, गावात मर्द एकच, हाटले सुतार. खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः, पण त्याला बोलायचं नव्हतं, कारण तत्त्वाचा प्रश्न होता. दुसरा पक्षाचा सेक्रेटरी अलॉइस बार्टोश, त्याला ते सोयीचं नव्हतं. आणि तिसरा मी. मी गप्प बसलो कारण मी भित्रा होतो. पंचाहत्तरी उलटल्यावर हे लिहायला लाज वाटू नये, पण वाटते. तरी लिहितो.

मी इथला शाळामास्तर. पंचेचाळीस साली युद्ध संपलं, इथले जर्मन गेले आणि मी आलो. अक्षर बरं, म्हणून प्रत्येक निवडणुकीला मतदारयादीशी मला बसवायचे. मतदान माझ्याच वर्गात. बाकं बाहेर काढायची, फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहायचं, मधोमध लाल कापड घातलेलं टेबल, टेबलावर पेटी, आणि कोपऱ्यात आडोसा. तो आडोसा वेंदेलीननं बनवलेला. तीन घडीच्या पाखांचा, बीच लाकडाचा, बिजागऱ्या पितळेच्या. आत एक उभं राहून लिहायची फळी आणि खाली झाकण ठोकून बंद केलेली पेटी, तिला फक्त एक फट. शेहेचाळीस साली त्यानं ते सगळं फुकट करून दिलं, आणि वर मला तासभर लेक्चर दिलं, तेही फुकट.

त्या खालच्या पेटीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. जुन्या राज्यात मतदानाच्या आधी घरोघर सगळ्या पक्षांचे कागद यायचे. आपल्याला हवा तो कागद केंद्रावर आडोशामागं पाकिटात घालायचा, बाकीचे घरी न्यायचे नाहीतर फेकायचे. पस्तीस साली वेंदेलीन एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. मालकानं आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, सोमवारी कामावर येताना उरलेले कागद घेऊन या, रद्दी म्हणून लागतात. कसली रद्दी! कोणता कागद कमी आहे ते बघायचं होतं. वेंदेलीनच्या गठ्ठ्यात कम्युनिस्टांचा कागद नव्हता. मंगळवारी त्याला काम नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यानं आणि त्याच्या बायकोनं, फिलोमेनानं, गोठलेले बटाटे खाऊन दिवस काढले आणि त्यांचं पहिलं बाळ थंडीत गेलं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, रंधा मारता मारता, मान वर न करता.

म्हणून ती बंद पेटी. उरलेले कागद माणसानं तिथंच टाकायचे, कुणाच्या बापाला कळता कामा नये. "मास्तर," तो आडोशाच्या पाखा उघडमीट करून दाखवत म्हणाला, "इथं आत गेलं ना, की माणूस कुणाचा नोकर नसतो. मालकाचा नाही, पाद्र्याचा नाही, बायकोचासुद्धा नाही. कम्युनिझम म्हणजे तरी दुसरं काय हो?"

मी मान डोलावली. त्या वर्षी आम्ही खरोखर निवडून दिलं होतं कम्युनिस्टांना. कुणी बंदूक रोखली नव्हती. मीही त्यांनाच मत दिलं, हेही इथं लिहून ठेवतो, नाहीतर आता या गावात त्यांना मत दिलेला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही.

दोन वर्षांत सगळं फिरलं. अठ्ठेचाळीसपासून यादी एकच उरली; कागद तसाच टाकला की हो, नाही म्हणायचं तर त्यावरची नावं खोडायची. आडोसा मात्र तसाच राहिला, कारण कायद्यात तो होता. फक्त तो दाराजवळून उचलून पार कोपऱ्यात गेला, खिडकीशी, आणि टेबलापासून तिथवर जायला मोकळी जमीन राहिली. पाच पावलं असतील. पेटी हाताशी आणि आडोसा पाच पावलांवर. मग लोक काय करणार? कागद घ्यायचा, तसाच पेटीत टाकायचा, सगळ्यांकडं बघून हसायचं आणि बाहेर बँड वाजत असायचा तिकडं बियर प्यायला जायचं. जिल्ह्यात कुठलं गाव सकाळी आधी उरकतं याची शर्यत लागायची. आम्ही एकदा साडेनऊला उरकलं होतं तर बार्टोशला ढाल मिळाली.

पण वेंदेलीन दर वेळी आत जायचा. काळा कोट, चकचकीत बूट, कागद घेतला की टाचेवर वळून खिडकीकडं. चोपन्न साली पहिल्यांदा गेला तेव्हा मला वाटलं, चुकून गेला असेल. तो पक्का पक्षाचा माणूस. एकतीस सालापासून त्याचं कार्ड, बार्टोशपेक्षा जुनं. फिलोमेना दोनच वर्षांपूर्वी न्यूमोनियानं गेली होती, तिच्या शवपेटीवरही त्यानं लाल रिबीन लावली होती. तो बाहेर आला, चार घड्या घातलेला कागद पेटीत टाकला, आणि बार्टोशला म्हणाला, "काय रे, फळी हलते ती. खाली पाचर मारायला पाहिजे." आणि संध्याकाळी खरंच येऊन पाचर मारून गेला.

तेव्हापासून मला सांगण्यात आलं की जो आत जाईल त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचा. यादी जिल्ह्याला जायची. मी विचारलं नाही कशाला. मास्तरांना प्रश्न विचारायची सवय असते ती मुलांना, वरच्यांना नाही.

आता साठ सालाचं सांगतो. त्याची मुलगी द्राहोमीरा तेव्हा अठराची. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत अशी पोर दुसरी नाही. आईच्या खोकल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला होता, डॉक्टर व्हायचं. बेडकाचं हृदय टेबलावर धडधडताना बघून बाकीच्या मुली ओरडायच्या, ही नाडी मोजायची. मेडिकलचा अर्ज गेला होता, प्रवेशपरीक्षा जूनच्या शेवटी, आणि निवडणूक जूनच्या मध्यावर. अर्जासोबत गावच्या कमिटीचा शेरा लागायचा. शेरा बार्टोशनं लिहायचा.

बार्टोश वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, माझ्यासारखाच, फक्त त्याच्या घाबरण्याला शिक्का होता. तो मला घेऊन सुताराच्या कारखान्यात गेला.

"वेंदा, या खेपेला तेवढं आत जाऊ नकोस बाबा."

"का? आडोसा मोडलाय का?"

"चेष्टा नको. ज्याला काही लपवायचं नाही, तो उघड्यावर टाकतो. सगळं गाव टाकतं."

"संडासाचं दार लावून घेतोस का नाही तू? मग? काय लपवायचं असतं आत?"

मला हसू आलं. बार्टोशला नाही आलं. "अरे, एकच यादी आहे! आत जाऊन करतोस तरी काय?"

"ते विचारायचं नसतं, अलॉइस. तेवढ्यासाठी तर आपण भांडलो."

"पोरीचा कागद माझ्या टेबलावर आहे," बार्टोश हळू आवाजात म्हणाला. "मी काय लिहू सांग."

वेंदेलीननं रंधा खाली ठेवला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, राग नव्हता, उलट जरा गंमतच वाटत होती त्याला. "खरं ते लिही. सुताराची पोर आहे, बाप तीस वर्षं पक्षात आहे, आणि पोर पहिली येते. आपलं राज्य आहे हे. आपल्या राज्यात सुताराची हुशार पोर डॉक्टर नाही होणार तर मग कोण, वखारवाल्याची?"

"वरचे तुला ओळखत नाहीत, वेंदा. ते कागद बघतात."

"वरचे आपलेच आहेत," तो म्हणाला आणि पुन्हा रंधा मारू लागला.

मला त्याचा त्या दिवशी भयंकर राग आला. अजूनही येतो. कुठलंही लाकूड एका नजरेत ओळखणाऱ्या माणसाला समोरची माणसं ओळखता येऊ नयेत? द्राहोमीरानंही त्याला विनवलं होतं, हे तिनं मला मागाहून सांगितलं. जेवताना तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, या एका वेळी. माझ्यासाठी." तो म्हणाला, "द्राहे, तिथं आत जाता यावं म्हणून मी उपाशी राहिलोय. ते तुझ्यासाठीच आहे गं. तुझी पाळी येईल तेव्हा तूही जा." आणि तिच्या पानात आपल्यातला मांसाचा तुकडा वाढला.

मतदानाच्या दिवशी साडेआठला तो आला. बँड वाजत होता, बालवाडीतली पोरं फुलं देत होती. मी त्याचं नाव शोधलं, कागद दिला. वर्गात वीसेक माणसं असतील. तो वळला. ती पाच पावलं त्यानं टाकली तेव्हा बँडमधला ढोल खिडकीच्या काचा हलवत होता तेवढंच ऐकू येत होतं. बार्टोश माझ्याकडं बघत होता. माझ्या हातात पेन्सिल होती. ती खाली पडली असं करता आलं असतं. टोक मोडता आलं असतं. मी ठिपका दिला.

संध्याकाळी मोजणी झाली. चारशे बारा कागद. सगळे सपाट, एकच चार घड्यांचा. घड्या अशा धारदार की पट्टी लावून घातल्यासारख्या. बार्टोशनं तो उलगडला, दिव्याखाली धरला, उलटापालटा केला. एकही नाव खोडलेलं नव्हतं.

"गाढव!" तो ओरडला. "बघा मास्तर, या गाढवानं मत आपल्यालाच दिलंय!"

मला एकदम हलकं वाटलं. म्हणालो, "मग ठिपका पुसू का?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पहिलीतला पोरगा आहे. "मत कुणाला दिलं ते कोण विचारतंय, मास्तर? तो आत गेला ना?"

इतक्या वर्षांत मी या राज्याबद्दल पुष्कळ व्याख्यानं ऐकली, दिलीही. त्या एका वाक्यात जेवढं होतं तेवढं कशातच नव्हतं. पण ते कळून मी केलं काय? यादीवर सही केली.

द्राहोमीरानं परीक्षा दिली, उत्तम दिली. ऑगस्टमध्ये पत्र आलं, अर्ज जास्त आणि जागा कमी असल्यामुळे प्रवेश नाही. सप्टेंबरात ती खालच्या गावातल्या कापडगिरणीत लागली, मागावर, तीन पाळ्यांत. वेंदेलीन जिल्ह्याला तीनदा गेला. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, काहीतरी गोंधळ झालाय, कारकुनाची चूक असणार. त्यानं पक्षाला पत्रं लिहिली, मी ती तपासून दिली. उत्तर एकालाही आलं नाही. तो मला म्हणायचा, "एखाद्या गाढव कारकुनामुळं सगळं राज्य वाईट ठरत नाही ना, मास्तर." मी म्हणायचो, नाही ठरत.

वर्षभर द्राहोमीरा बापाशी बोलली नाही. एकाच घरात, एकाच टेबलाशी, आणि मीठ हवं तर उठून स्वतः घ्यायची. मग एक दिवस ती शाळेत आली. हात मागाच्या तेलानं काळे, नखं तुटलेली. मी मुलांच्या वह्या बघत होतो.

"मास्तर, एकच सांगा. गिरणीतल्या बायका म्हणतात, तुझ्या बापानं त्यांना खोडलं, अख्ख्या खोऱ्यात एकट्यानं. तुम्ही मोजायला होतात. खोडलं होतं ना?"

जाहीर निकालावर कुणाचा विश्वास नव्हताच. शंभरातले शंभर म्हटलं की लोक समजायचे, ठोकून दिलंय. मी काय सांगणार होतो तिला? तुझ्या बापानं मत त्यांनाच दिलं, मनापासून दिलं, आणि तुझं वाटोळं झालं ते फक्त पाच पावलांपायी? मी म्हणालो, "मोजणी गुप्त असते, द्राहा." पण म्हणताना मी हसलो. असा हसलो की तिनं हवं ते घ्यावं.

तिनं घेतलं. तिचा चेहरा उजळला, आणि त्या दिवसापासून ती बापाशी बोलू लागली. राग गेला नाही, पण त्या रागात आता अभिमान मिसळला. गिरणीत ती मान वर करून चालायची. कुणी विचारलं, तुझ्यासारखी हुशार बाई इथं काय करते, तर म्हणायची, माझा बाप नाही म्हणाला होता, त्याची किंमत आहे ही. मला वाटलं, मी पुण्य केलं. माझ्यासारखे लोक खोटं बोलतात आणि वर त्याला दया म्हणतात.

मग तिचं लग्न झालं, त्रेसष्टला मुलगी झाली, इवोना. नवरा ट्रक चालवायचा, तो एक दिवस दुसरीकडं संसार मांडून बसला. द्राहोमीरा पोरीला घेऊन बापाकडंच राहिली. चौसष्ट सालीही वेंदेलीन आत गेला. ठिपका मीच दिला. आता त्याच्याकडनं काढून घ्यायचं काही उरलं नाही असं मला वाटत होतं.

अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये आमच्या राज्याला ताळ्यावर आणायला थोरल्या मित्रदेशाचे रणगाडे आले. आमच्या गावातून फक्त एक रात्र गेले, पण पुरे झालं. सकाळी वेंदेलीन रस्त्याच्या कडेला उभा राहून चिरडलेल्या कुंपणाकडं बघत होता. कुंपण त्यानंच केलेलं. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मास्तर, वरचे आपले नाहीत." साठ वर्षांचा माणूस लहान मुलासारखा ओठ चावत होता. दुपारी त्यानं पक्षाचं कार्ड नेऊन बार्टोशच्या टेबलावर ठेवलं. सदतीस वर्षांचं कार्ड. बार्टोश मला सांगत होता की कार्ड ठेवून तो तिथंच बसला आणि घोटभर पाणी मागितलं.

एकाहत्तरच्या मोजणीत पुन्हा एक चार घड्यांचा कागद निघाला. या खेपेला मी उलगडला. सगळी नावं सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं खोडलेली, जाड, एका रेषेत, कागद फाटेस्तोवर दाबून. बार्टोश पांढराफटक पडला. जिल्ह्याचा माणूस शेजारच्या खोलीत सॉसेज खात होता. "स्टोव्हमध्ये घाला, मास्तर," बार्टोश कुजबुजला. मी घातला, आणि त्याच्या जागी एक न खोडलेला कागद ठेवला. वेंदेलीनचं आयुष्यातलं पहिलं नाही मी माझ्या हातानं हो करून टाकलं. जेव्हा तो हो म्हणत होता तेव्हा मीच त्याला नाही म्हणणाऱ्यांत मोजलं होतं. हे त्याला सांगावं असं मनात यायचं, मग आम्ही हवामानाबद्दल बोलायचो.

एक्क्याऐंशी साल. इवोना अठराची, आईसारखीच कुशाग्र, आणि आईसारखंच तिलाही डॉक्टर व्हायचं. निवडणूक पुन्हा जूनमध्ये, परीक्षाही पुन्हा जूनमध्ये. द्राहोमीरानं बापाला या वेळी एका शब्दानं विनवलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "त्यांना सांगून काही होतं का, मास्तर? तसंच घडवलंय त्यांना. मी नाही सांगणार." तिच्या बोलण्यात तक्रार होती, आणि तो अभिमानही होता.

तिघंही एकत्र आली. इवोनाचं पहिलं मतदान म्हणून तिला फूल आणि पुस्तक दिलं. तिनं कागद पेटीत टाकला, द्राहोमीरानं टाकला. मग वेंदेलीन. त्र्याहत्तरीचा, हातात काठी, कोट तोच. कागद घेतला, वळला, खिडकीकडं तोंड केलं. बार्टोशनं डोळे मिटून घेतले. वेंदेलीन तसाच उभा राहिला, मग काठी टेकत उलटा फिरला आणि कागद पेटीत सोडला. घडी न घालता.

बार्टोशनं धावत येऊन त्याचा हात हातात घेतला. मला वाटतं तो रडत होता. वेंदेलीननं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेला. मी द्राहोमीराकडं बघितलं. ती त्या मोकळ्या जमिनीकडं बघत होती.

जुलैमध्ये इवोनाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. त्या कागदामुळं मिळाला की तिच्या गुणांमुळं, मला माहीत नाही, कुणालाच कधी कळणार नाही. शनिवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. डुकराचं मांस, कोबी, उकडलेल्या कणकेचे गोळे, ब्लूबेरीचा केक. इवोना पत्र दाखवायला मैत्रिणीकडं पळाली. वेंदेलीन खूश होता. दोन ग्लास बियर घेऊन त्याचे कान लाल झाले होते.

द्राहोमीरा केक कापता कापता म्हणाली, "बाबा, पाचच पावलं होती हो."

"कसली?"

"तिथून आडोशापर्यंत. तुम्ही फिरलात आणि टाकलात. एक श्वास नाही लागला."

"पोरीसाठी केलं."

"कळलं ते. साठ साली पोर मी होते."

वेंदेलीननं ग्लास खाली ठेवला. मला दिसत होतं की तो तिला काहीतरी मोठं द्यायला निघालाय. "तेव्हा ते आपले होते, द्राहे," तो म्हणाला. "आपल्या माणसांपुढं कशाला वाकायचं? आपली माणसं समजून घेतील असं वाटायचं. आता कळलंय ना, आपले नाहीत. मग त्यांना हवं ते त्यांच्या तोंडावर फेकायचं आणि पोरीला पुढं काढायचं. त्यात माझं आता काही जात नाही."

"आपले होते म्हणजे?" तिची सुरी थांबली. "तुम्ही तर त्यांना खोडत होतात."

"मी?" त्याला खरोखर नवल वाटलं. "कुणी सांगितलं तुला? चोपन्न, साठ, चौसष्ट, सगळी मतं मी त्यांनाच दिली. एकदाही खोडलं नाही. देवाशप्पथ, म्हणजे, देव नाही, पण खरं सांगतो."

जे त्यानं सत्तावीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, ते त्यानं मुलीला सांगितलं. त्याला वाटलं, आपण प्रामाणिक होतो हे ऐकून तिला बरं वाटेल.

ती माझ्याकडं वळली. "मास्तर?"

खोटं बोलायला जागा नव्हती. "साठ साली एकही नाव खोडलेलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं. पण एकाहत्तरला खोडलं होतं यांनी!" मी घाईघाईनं म्हणालो. "सगळी नावं! मी या डोळ्यांनी बघितलंय, द्राहा."

"एकाहत्तरला मला मागावर अकरा वर्षं झाली होती, मास्तर."

वेंदेलीन पुढं झुकला. "तुम्ही बघितलंत? मग ते मोजलं गेलं असेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी ते स्टोव्हमध्ये घातलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. शिवी देईल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. द्राहोमीरानं मात्र आमचं बोलणं ऐकलंच नव्हतं. ती बापाकडं बघत होती, एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याकडं बघावं तशी.

"माझं काय होतं तिथं?" ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "हात गेले, कान गेले, नवरा गेला. एवढंच होतं की माझा बाप नाही म्हणाला. वीस वर्षं मी ते उशाशी घेऊन झोपले. आणि तुम्ही त्यांना हो म्हणत होतात. तुमचा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणून मी गिरणीत गेले."

"द्राहे," तो म्हणाला.

तिनं केकचे तीन तुकडे केले, एकेक आमच्या बशीत ठेवला, तिसरा इवोनासाठी झाकून ठेवला. अॅप्रन काढून खुंटीला लावला. दोन वाजताची पाळी होती. दार तिनं आपटलं नाही, नेहमीसारखं ओढून घेतलं.

आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. मला माफी मागायची होती, दोघांची, पण कुठल्या गोष्टीपासून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. वेंदेलीनचे हात टेबलावर उताणे पडले होते. थोड्या वेळानं इवोना धावत आली, घामाघूम, पत्र अजून हातातच.

"आजोबा, आई कुठं गेली?"

"कामावर," तो म्हणाला.